पुसामास्तरांची कमान

मास्तरांनी हा कागद बघितला असता तर पहिल्याच ओळीवर बोट टेकवून म्हणाले असते, "पुसा." दुसरी ओळ त्यांनी वाचलीही नसती. म्हणून आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. पुढची शाळा खाडीपलीकडं होती आणि मुलीला रोज तरीत कोण बसवणार, म्हणून सुटली ती सुटलीच. तेव्हा कुठं काना राहिला, कुठं वेलांटी उलटी पडली, तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. मास्तरांनी घेतलं नसतं. मला परत लिहायला बसवलं ते त्यांनीच, पण कुणाला सांभाळून घेणं हे काही त्यांच्या स्वभावात नव्हतं.

खराडे मास्तर नगरच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. मूळचे काष्टीकडचे. वर्गात पुस्तकातल्यासारखं बोलत, घरी आले की काष्टीचं बोलत, आणि रागावले की वर्गातही काष्टीचंच. कोटाच्या खिशात कायम एक रबर. झिजून झिजून सुपारीएवढं झालेलं, पेन्सिलीनं काळं पडलेलं. मुलांच्या बाकांमधून फिरताना चित्राकडं न बघताच ते रबर पुढं करायचे नि म्हणायचे, "पुसा." एकदा एका पोरानं नुसता कोरा कागद समोर ठेवला. मास्तर म्हणाले, "हे बरं हाय. ह्यात चुका कमी हायत." तेव्हापासून साऱ्या गावात ते पुसामास्तर.

चित्राला त्यांच्याकडं दोनच दर्जे होते, ओलं शेण आणि वाळलेलं शेण. ओल्याला अजून आकार देता येतो. वाळलेलं फक्त जाळायला. याच्या वरचं काही जमलं तर ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "चालेल," तेही असं, की जणू कुणी मेल्याची बातमी सांगतायत. "चालेल" ऐकलेली मुलं शहरात बोटांवर मोजण्याइतकी असतील, आणि ती म्हातारी होईपर्यंत ते सांगत राहतील.

लढाईच्या दिवसांत ह्यांना कँपातल्या लष्करी कोठारात कारकुनी मिळाली आणि देवगडकडची मी नगरच्या झेंडीगेटाच्या आतल्या एका बोळात येऊन पडले. ओठ फुटणारी हवा, भाकरी, ओळखीचं एक माणूस नाही. रात्री समुद्र ऐकू येत नाही म्हणून झोप येत नव्हती, हे कुणाला सांगायचीही चोरी. एकाच घराचे दोन भाग. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला मास्तर आणि त्यांचा मुलगा शंकर. मधे फळ्यांची भिंत, पुढं सामाईक अंगण. मास्तरांची बायको कधीच वारली होती. भाकऱ्या मास्तर स्वतः थापायचे आणि भाकरी फुगली नाही तर तिलाही शिव्या घालायचे.

पहिल्यांदा मी त्यांच्याकडं आमटीची वाटी पाठवली तेव्हा अंगणातून आवाज आला, "कोकणातली माणसं आमटीत समुद्र ओतत्यात का काय?" मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. संध्याकाळी वाटी घासून-पुसून, लख्ख होऊन परत आली. वाटीत गुळाचा खडा. तेव्हापासून माझं नाव 'कोकण'. "काय कोकण, जिवंत हायस का?" ही त्यांची रोजची चौकशी.

मास्तरांच्या घरात एकही चित्र नव्हतं. चित्रकलेच्या मास्तरांच्या घरी चित्र नाही, याचं मला नवल वाटायचं. विचारलं तर म्हणाले, "भिंतीनं काय पाप केलंय?" शाळेत राजाची तसबीर होती, तिच्याबद्दल त्यांचं म्हणणं, मिशीची डावी बाजू उजवीवर रुसलीय. कँपातला एक गोरा साहेब दर रविवारी चांदबीबीच्या महालाकडं छत्री उघडून रंगपेटी घेऊन बसायचा. मास्तर म्हणायचे, "टेकडीला कावीळ करून येतो." सिनेमाचे बोर्ड रंगवणारे, कॅलेंडरं छापणारे, स्वतःचे हेडमास्तर, परीक्षेचे कागद तपासणारे मुंबईचे विद्वान, सगळे एका पोत्यात. नवल एवढंच, की ऐकणाऱ्याला थोड्या वेळानं खरंच ती मिशी रुसलेली दिसायला लागायची.

घरबसल्या काही हातभार लागावा म्हणून मी तसबिरी नटवायचं काम घेतलं. कापडबाजाराच्या मागं हसनभाईंचं फ्रेमचं दुकान होतं. छापील लक्ष्मी, दत्त, राम-पंचायतन आणून द्यायचे आणि मी लुगड्याच्या काठाला जर, मुकुटाला टिकल्या, गळ्यात मणी डिंकानं चिकटवायची. मग काच नि फ्रेम. नगरात तेव्हा असली नटवलेली तसबीर नसलेलं घर विरळा. टिकली वाकडी बसली तर हसनभाई काय म्हणतील, काम काढून घेतील का, एवढंच मनात. हसनभाई कधी काही म्हणाले नाहीत. म्हणाले ते मास्तर. अंगणात वाळत ठेवलेल्या लक्ष्मीपुढं उभे राहून म्हणाले, "ही देवी हाय का बँडवाला?"

मी रडकुंडीला आले. ते मात्र तिथंच उकिडवे बसले. "उजेड कुठनं येतोय ते आधी बघ. छापणाऱ्यानं डावीकडनं आणलाय. मग उजव्या बाजूला ही चकचकीत जर कशाला? तिकडं मळकी लाव. देवी झाली म्हणून काय तिला चारी बाजूंनी उजेड असतोय?" आणि उठून निघून गेले. मी मळकी जर लावली. लक्ष्मी कागदातून पुढं आल्यासारखी दिसायला लागली. पुढं गिऱ्हाइकं हसनभाईंकडं "त्या कोकणच्या बाईंची" म्हणून मागायला लागली. मास्तरांना मी हे सांगितलं. म्हणाले, "गिऱ्हाइकाला काय कळतंय? वाळलेलं शेण."

आईला पत्र लिहायचं तर मी ह्यांना सांगायची नि हे लिहायचे. मास्तरांना कळलं तेव्हा म्हणाले, "चौथी झालीय ना? का चौथीत नुसती बसली हुतीस?" आणि शाळेतले पाठकोरे कागद आणून टाकले. मी लिहायची, ते वाचायचे. "पुसा." परत लिहायची. तेराव्या की चौदाव्या कागदाला खिडकीबाहेर बघत "चालेल" म्हणाले. तो कागद मी आईला पाठवला नाही. दुसऱ्यावर उतरवून पाठवला आणि तो ठेवून घेतला.

आता शंकरबद्दल. विशीतला मुलगा, सावळा, आवाज मऊ. बापाचं काही म्हणता काही त्याच्यात उतरलं नव्हतं. त्याला मोटारींचं वेड. उंबऱ्यावर बसायचा तो एक गुडघा उभा धरून, त्यावर हनुवटी टेकून, आणि बोळातून एखादी मोटार गेली की नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. मास्तर जाता-येता ओरडायचे, "नीट बस, गाढवा!" तो पाय खाली सोडायचा, आणि मास्तर वळले की गुडघा परत वर. एकदा बाजारातून नारळ घेऊन आला नि माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडचा पाव्हना आलाय." फोडला तर आत सुका खडखडीत. पण त्या दिवशी मी पोटभर रडले आणि बरं वाटलं.

मास्तरांनी त्याला चित्रकलेच्या परीक्षेला बसवलं होतं. नापास झाला. फळ्यांच्या भिंतीपलीकडचं बोलणं कान झाकले तरी ऐकू यायचं. मास्तर त्याच्या कागदावरच्या इमारतीबद्दल बोलत होते. शेवटी म्हणाले, "तुझ्यानं एक भिंत सरळ उभी करवत न्हाई. जा की लढाईवर. तिथं पाडायची कामं असत्यात. पाडायला तरी जमंल."

दुसऱ्या आठवड्यात शंकर भरतीच्या कचेरीत जाऊन फौजेत मोटार-ड्रायव्हर झाला. जाताना मास्तरांच्या पाया पडला. मास्तर म्हणाले, "खाकी चड्डी फुकट मिळती म्हणून चाललाय." एवढाच आशीर्वाद. पुढं कळलं, त्याची तुकडी बोटीनं इटलीला गेली. इटली कुठं आली ते मला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी नकाशा काढून दाखवला आणि म्हणाले, "देशाचा आकार बघ. बूट. आमच्या दिवट्यानं चांगली जागा निवडली."

त्याच सुमारास कँपातला कुणी साहेब बदलून गेला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. नानासाहेब म्हणून एक वकील होते. त्यांनी स्टेशन रस्त्याला नवं घर बांधलं होतं आणि साहेबाकडचं काहीतरी आपल्या दिवाणखान्यात असावं एवढीच त्यांची कलेची आवड. चिनी मातीच्या भांड्यांच्या पेटीबरोबर त्यांच्या वाट्याला चित्रांचं एक बाड आलं. काळ्या शाईची सहा चित्रं, जुन्या, पिवळट, जाड कागदावर. ती घेऊन ते हसनभाईंच्या दुकानात आले तेव्हा मी नटवलेले दत्त द्यायला गेले होते आणि मास्तर नेहमीप्रमाणे एका फ्रेमच्या कोपऱ्याला नावं ठेवत बसले होते.

चित्रं उघडली. सगळी पडझड. मोडके खांब, अर्ध्यात तुटलेल्या कमानी, भेगांतून उगवलेली झुडपं, कलंडलेला दगडी रांजण, नाक गेलेले पुतळे. आणि त्या सगळ्यात हिंडणारी मुंगीएवढी माणसं. कुणी मुंडासं बांधलेलं, कुणी घोंगडी पांघरलेलं, कुणी बाई मोडक्या खांबाला दोरी बांधून कपडे वाळत घालतेय.

वकील म्हणाले, "वस्तू उत्तम आहे, पण सौभाग्यवती ऐकत नाहीत. येत्या महिन्यात वास्तुशांत. पडकं घर भिंतीवर लावलं की घराला पडझड लागते म्हणे. तेव्हा मास्तर, एवढं आपण दुरुस्त करून द्यावं."

मास्तरांनी मान वर केली. "काय करू?"

"दुरुस्त. कमानी पुऱ्या करा, खांबांवर छप्पर घाला. म्हणजे आमचंही राहील आणि त्यांचंही."

"गवंडी बोलवा, वकीलसाहेब. मी चित्रं काढतो, घरं बांधीत न्हाई."

हसनभाई हळूच म्हणाले, "कर डालो ना मास्तर. भिंत तो कागजकीच हाय."

मास्तर उठलेच होते. जाता जाता त्यांनी वरचं चित्र उलटं केलं. मागं साहेबानं पेन्सिलीनं काही लिहिलेलं होतं. ते वाचून त्यांनी दुसरं उलटं केलं, मग तिसरं. नंतर सगळं बाड गुंडाळलं, काखेत मारलं आणि चालू लागले. वकील मागून विचारतायत, "कधी देता?" मास्तर वळलेसुद्धा नाहीत.

मागं काय लिहिलं होतं ते त्यांनी मला घरी आल्यावर सांगितलं, आणि तेही तिरकसपणेच. "दोनशे वर्षांमागं फ्रान्सातले चित्रकार पडकं बघायला इटलीला जायचे. ज्या गावाला स्वतःचं पडकं न्हाई ते असंच दुसऱ्याच्या गावाला जातंय. अन् आल्यावर घरी बसून मनानंच काढायचं. हे देऊळ एका गावचं, ही कमान दुसऱ्या गावची, अन् ही माणसं कुठलीच न्हाईत."

मी विचारलं, "मग हे एवढं बारीक कशानं काढलंय?"

"काढलेलं न्हाई, खरवडलंय. तांब्याचा पत्रा घ्यायचा, त्याला मेण फासायचं, मेणावर सुईनं ओढायचं. मग पत्रा तेजाबात. सुई गेली तिथं तेजाब तांबं खातंय. मेण काढून खाचांत शाई भरायची अन् ओला कागद दाबायचा. तांबटाचं काम." त्यांनी माझं बोट धरून कागदाच्या कडेवरून फिरवलं. चित्राभोवती दबलेला एक चौकोन बोटाला लागला. "हा त्या पत्र्याचा ठसा. दोनशे वर्षं गेली, पत्रा गेला, काढणारा गेला, पर दाब गेला न्हाई." हे वाक्य त्यांनी तुच्छतेशिवाय म्हटलं. मग बहुधा लाज वाटली, म्हणून लगेच म्हणाले, "बाकी सगळं शेण."

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा दोघांना फराबागेत नेलं. बादशहाचा तो भलाथोरला महाल कोरड्या तळ्यात उभा. आत शेळ्या, भिंतींवर गोवऱ्या थापलेल्या, आणि एका कमानीत बायका लुगडी वाळत घालत होत्या. मी म्हटलं, "मास्तर, हे तर त्या चित्रासारखंच आहे."

"डोळे हायत का बटनं?" ते कडाडले. "कमान कशी पडती बघ. मधनं पडती. वरचा दगड आधी निसटतो. बाजू तशाच राहत्यात. तुझ्या फ्रेंचानं बाजू पाडली अन् मधलं हवेत लोंबतं ठेवलं. त्याच्याखाली माणूस बसवला. जिवंत राहील का तो?"

हे म्हणाले, "चित्रच आहे, मास्तर."

"चित्रातला माणूस मरत न्हाई व्हय?" मास्तर म्हणाले आणि परतीच्या वाटेवर आमच्या पुढं पुढं चालत राहिले.

वकिलांची दुरुस्ती सुरू झाली. पांढऱ्या जाड रंगाचा पातळ थर, त्यावर उगाळलेल्या शाईच्या कांडीनं बारीक रेघा. मूळ रेघ कुठं संपते आणि मास्तरांची कुठं सुरू होते ते मला दिवसाउजेडीही कळत नव्हतं. त्यांनी वकिलांच्या पहिल्या देवळावर नगरी पद्धतीचं सपाट मातीचं माळवद घातलं. दुसऱ्याला कौलं. कलंडलेला रांजण उभा करून त्यात पाणी भरलं. काम चालू असताना तोंडही चालू. "हा बघ, प्रत्येक चित्रात एक रिकामटेकडा बोट दाखवत उभा हाय. त्याला कळत न्हाई पुढं काय काढायचं, मग हा बोटदाख्या उभा करायचा. अन् ही माणसं सगळी पाठमोरी का? तोंड येत न्हाई म्हणून."

मी भीत भीत म्हटलं, "पाणी लागलं तर तुमचा रंग जाईल का हो?"

"जाईलच. त्यांची शाई तेलाची, ती हलायची न्हाई. माझं तेवढं धुतलं की गेलं. वकिलाचं घर अन् माझं काम, दोन्ही तेवढंच टिकाऊ."

मग वकीलीणबाईंचा निरोप आला, पुतळ्यांना कपडे हवेत. म्हणजे काम माझ्याकडं. दोनशे वर्षांच्या त्या नागड्या रोमन पुतळ्यांना मी जरीचे काठ असलेले शेले चिकटवले, एका बाईला टिकल्यांची नथ. मळकी जर उजव्या बाजूला. मास्तरांनी बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. "फ्रेंच तिकडं थडग्यात कूस बदलत असंल," म्हणाले. वास्तुशांतीला सारं गाव ती चित्रं बघायला लोटलं. वकील सांगत होते, "विलायती आहेत," आणि लोक माना डोलवत होते. मास्तर दारातून परत फिरले. जिलबीही खाल्ली नाही.

पण तिथं पाचच चित्रं लागली होती. सहाव्यात एक थडगं होतं, म्हणून वकीलीणबाईंनी दुरुस्त करून दिलं तरी ते नको म्हटलं आणि ते तसंच मोडकं राहिलं. वकील म्हणाले, "तुम्हीच ठेवा मास्तर." मास्तर म्हणाले, "फुकट हाय म्हणून ठेवतो. न्हाईतर चुलीला बरं हुतं." आणि ज्या घरात कधी खिळा ठोकला गेला नव्हता त्या घरात त्यांनी खिळा ठोकला.

ते चित्र मी त्यांच्याकडं भाकरीचं पीठ द्यायला गेले तेव्हा नीट पाहिलं. मोठी कमान, फराबागेत नावं ठेवलेली तीच ती, मधला भाग हवेत लोंबणारा. खाली दगडी थडगं. थडग्याच्या पायरीवर एक छोटा माणूस पाठमोरा बसलेला, एक गुडघा उभा धरून, हनुवटी त्यावर. मी चित्राकडं बघितलं, रिकाम्या उंबऱ्याकडं बघितलं आणि पीठ ठेवून घरी आले.

शंकरची खुशालीची कार्डं यायची ती यायची थांबली. मास्तर रोज शाळेतून येताना हॉटेलात रेडिओच्या बातम्या ऐकत आणि घरी येऊन बातम्या सांगणाऱ्याच्या आवाजाला नावं ठेवत. "नाकात बोलतोय." बातमी काय होती ते सांगत नसत. टपालवाला बोळात शिरला की ते मुद्दाम पाठ करून काहीतरी घासत बसायचे. तो पुढं गेला की म्हणायचे, "सायकलीला तेल न्हाई गाढवाच्या." उन्हाळा गेला, पाऊस आला न आला, दिवाळी गेली. ह्यांनी कोठारातल्या साहेबाकडून चौकशी केली. काही कळलं नाही. मी त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "कुणी सांगितलं हुतं चौकशा करायला?" आणि मग बऱ्याच वेळानं, "साहेब नक्की काय म्हणला?"

लढाईनं हसनभाईंना एक नवं काम दिलं होतं. खेड्यांवरून माणसं फौजेतल्या पोरांचे फोटो घेऊन यायची. फोटो मोठा करायचा, फ्रेम घालायची, वर चंदनाचा हार. असे फोटो यायला लागले की हसनभाई दुकानात कुणाशी थट्टा करत नसत. एका दुपारी पाथर्डीकडचा एक म्हातारा आला. डोक्याला फडकं, पायात काही नाही. धोतराच्या सोग्यातून एक छोटा फोटो काढला आणि फळीवर ठेवला. पोरगा टोपी तिरकी घालून हसत होता. म्हातारा म्हणाला, "एवढाच हाय. ह्यातनंच मोठा करा." आणि मग, जणू आम्ही विचारलं होतं, तसं म्हणाला, "म्या नगं म्हनलं हुतं त्याला. लई नगं म्हनलं."

मास्तर कोपऱ्यात बसले होते. मला वाटलं, आता फोटोच्या छपाईला काहीतरी बोलतील, आणि मी मनातल्या मनात देवाचा धावा केला. मास्तर उठले, फोटो उचलून उजेडाकडं धरला. हसनभाईंना म्हणाले, "काच चांगली घाल. बुडबुड्याची नको." आणि निघून गेले. खिशातलं रबर फळीवर राहिलं ते मी नेऊन दिलं. त्यांनी ते घेतलं, पण माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मास्तरांचं दार उघडं होतं. सहावं चित्र काचेबाहेर काढून मांडीवरच्या पाटावर ठेवलेलं, शेजारी पांढऱ्या रंगाची वाटी, शाई उगाळलेली. ते कमान बांधत होते. वकिलांची दुरुस्ती करताना सारखं तोंड चालायचं, आज एक शब्द नाही. आधी त्यांनी लोंबत्या भागाखाली टेकू दिले, खऱ्या गवंड्यासारखे लाकडी टेकू. मग बाजू उभ्या केल्या, दगडावर दगड. प्रत्येक दगडाला वेगळी छटा, उजेड डावीकडून. मग टेकू पुसून काढले. मी ताक घेऊन उभी होते ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. ही दुरुस्ती करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुणाच्या घराची वास्तुशांत नव्हती. वकीलीणबाईंच्या खुळाला आठवडाभर नावं ठेवणारा माणूस, त्या एवढ्याशा पाठमोऱ्या पोराच्या डोक्यावर दगड पडू नये म्हणून जीव तोडून राबत होता. माणसाला मात्र त्यांनी हात लावला नाही. तो होता तसाच राहिला, गुडघा उभा धरून.

संध्याकाळी चित्र परत खिळ्याला गेलं. मी म्हटलं, "छान झालीय, मास्तर." ते म्हणाले, "शेण." पण तेव्हापासून रोज शाळेत जाताना ते त्या चित्रापुढं क्षणभर थांबायचे, तडा गेलाय का बघितल्यासारखे.

लढाई संपली तरी बरेच दिवस काही कळलं नाही. ह्यांचं कोठार आवरतं घेतलं आणि आमची जबलपूरला बदली झाली. म्हणजे समुद्र आणखी लांब. सामान बांधत असताना, जायच्या आदल्या संध्याकाळी बोळात टांगा थांबला आणि शंकर उतरला. मला आधी ओळखूच आला नाही. हाडं वर आलेली, एक भुवई अर्धी जळालेली, खांद्यावर जाड खाकी कापडाची पिशवी. मोटार उलटली, मग इस्पितळ, मग दुसऱ्याच तुकडीबरोबर कुठं कुठं. पाठवलेली कार्डं कुठं गेली देव जाणे. मी ओरडले, "मास्तर!" मास्तर दारात आले. दोन्ही हात पिठानं भरलेले. पोराला त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं मुलांचे कागद बघायचे तसं, पण "पुसा" म्हणाले नाहीत. म्हणाले, "बूट बाहेर काढ." आणि आत गेले. त्या संध्याकाळी पलीकडून भाकऱ्या थापल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. दोन माणसांना एवढ्या भाकऱ्या?

शंकरनं भिंतीवरचं चित्र बघितलं असावं. फळ्यांपलीकडून त्याचा तोच मऊ आवाज आला. "हे कुठलं हो, बाबा?"

"तुझं इटली."

तो म्हणाला, "अशी धड कमान तिकडं एक बी राहिली न्हाई, बाबा. लांबनं सगळं फराबागेसारखं दिसायचं. बाया त्यातच कपडे वाळत घालायच्या."

"तुला काय कळतंय," मास्तर म्हणाले.

सकाळी आमचा टांगा दारात उभा होता. मी निरोप घ्यायला अंगण ओलांडलं. मास्तर उन्हात पाट घेऊन बसले होते. चित्र मांडीवर, शेजारी वाटीत साधं पाणी आणि कापसाचा बोळा. बोळा भिजवून, पिळून, ते कमानीवरून हलक्या हातानं फिरवत होते. पांढरा रंग कापसावर येत होता आणि खालून ती जुनी मोडकी रेघ, तेजाबानं खाल्लेली, एकेक करून वर येत होती.

"मास्तर! एवढी मेहनत केलेली, ती का पुसताय?"

"चूक हुती. तो फ्रेंच गाढव खरं बोलत हुता. मीच खोटं केलं."

मला राहवलं नाही. "पण मग ती कमान त्या माणसाच्या डोक्यावर..."

मास्तरांनी बोळा परत पाण्यात बुडवला. माझ्याकडं न बघता, खिडकीबाहेर बघायचे तसं समोर बघत म्हणाले, "पडू दे की आता. तिथं आता कोण बसलंय?"

उंबऱ्यावर शंकर चहाची बशी फुंकत होता. एक गुडघा वर. मी वाकून मास्तरांच्या पायांना हात लावला. त्यांनी ओल्या हातानं माझ्या डोक्यावर टपली मारली. "जबलपूरवाल्यांच्या आमटीत तरी मीठ कमी घाल, कोकण," म्हणाले.

टांगा हलला. बोळाच्या वळणावर मी मागं बघितलं तेव्हा ते परत चित्रावर वाकलेले होते, आणि मान वर न करताच ओरडत होते, "नीट बस, गाढवा!"